भंगारात जाणार नाही असं काय शिकवू?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टायपिंग आणि संगणकाची संस्था चालवणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. संस्था वडिलांनी काढली तेव्हा चौदा टाइपरायटर होते. सरकारी परीक्षा संगणकावर गेली आणि ते किलोवर विकले. एक तेवढा माळ्यावर आहे. पुढे संगणकाच्या वर्गांवर घर चाललं. यंदा प्रवेश निम्म्यावर आलेत. मुलगी सेमी इंग्रजीत दहावीला आहे, गृहपाठ चॅटजीपीटीला विचारून करते. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘गुळाचे रसायनशास्त्र’ हा प्रकल्प तिने एका संध्याकाळी यंत्राकडून लिहून घेतला आणि त्याला शाळेत दुसरा क्रमांक मिळाला. त्याच महिन्यात गणिताच्या घटक चाचणीत 20 पैकी 8. तिची आई म्हणते, फोन काढून घ्या. दहावीनंतर सायन्स की डिप्लोमा यावरही घरात एकमत नाही. त्यातच एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला: तीन वर्षांचा ‘एआय-सज्ज’ अभ्यासक्रम, 85 हजार रुपये, हप्त्याने. शाळेत शिकवतात ते सगळं पाच वर्षांत फुकट जाणार, असं त्याने सांगितलं. सहीसाठी तो रविवारी पुन्हा येणार आहे. वाचक विचारतात, “माझ्या डोळ्यांदेखत मशीनं भंगारात गेली. मुलीला असं काय शिकवू जे भंगारात जाणार नाही?”

आधी रविवारचं उरकून घेऊ. सही करू नका.

85 हजार परवडतील की नाही हे नंतर. विकायला काय आणलंय ते आधी बघा. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं 30 नोव्हेंबर 2022 ला. तेव्हापासून ही यंत्रं दर काही महिन्यांनी रूप पालटतायत. अशा विषयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातलं तिसरं वर्ष आजच छापून तयार असेल, तर ते कोणीतरी अंदाजपंचे लिहिलंय. हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑफिस 2003 शिकवून तुमचा हात बसला होता, मग 2007 आलं आणि वरचे मेनू जाऊन तिथे रिबनची पट्टी आली. ‘फॉरमॅट उघडा, वरून पहिलं’ असं ज्यांनी पाठ केलं होतं ती मुलं भांबावली. परिच्छेद म्हणजे काय, समास कशासाठी सोडतात, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी दोन दिवस शोधाशोध केली आणि कामाला लागली. तुमच्या संस्थेने दोन्ही प्रकारची मुलं पाहिली असणार.

तो माणूस फारच गळी पडला तर तीन गोष्टी लेखी मागा. शिकवणार कोण, समोर माणूस असेल की आधीच भरून ठेवलेले व्हिडिओ? मध्येच सोडलं तर पैसे किती आणि किती दिवसांत परत? आणि हप्ता नेमका जाणार कोणाला? पुष्कळदा हा ‘हप्ता’ म्हणजे एखाद्या वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. मुलीने दुसऱ्या महिन्यात वर्ग सोडला तरी कर्ज तुम्हाला सोडत नाही. हे तीन प्रश्न कुठल्याही महागड्या क्लासला विचारावेत असेच आहेत, मग तो नीटचा असो की जेईईचा.

राहिलं त्याचं भाकीत. शाळेतलं सगळं फुकट जाणार, हे काही तो पहिल्यांदा म्हणत नाही. 1913 साली थॉमस एडिसनने सांगितलं होतं की शाळेतली पुस्तकं आता लवकरच जुनी होणार, मुलं चित्रपट पाहून शिकणार. एडिसन चित्रपटाचा धंदाही करत होता, हे त्यासोबत लक्षात घ्यायचं. बरं, तो धंद्याचा भाग म्हणून सोडून देऊ. जेफ्री हिंटन काही दारोदार फिरणारे विक्रेते नव्हेत. आजच्या या यंत्रांमागच्या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यापैकी ते एक, 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. 2016 मध्ये ते म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल. पाच वर्षं उलटून गेली. एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल द्यायला डॉक्टर आजही लागतात. एवढ्या जाणकाराचा अंदाज असा हुकतो, तर तुमच्या दिवाणावर बसून चहा पिणाऱ्याला तुमच्या लेकीचं पुढचं कुठून दिसणार? मलाही दिसत नाही. ‘कधीच भंगारात जाणार नाही असं काय’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती जरा उलटून पालटून बघू. मशीनं भंगारात गेली, खरं. त्यांच्यावर शिकलेलं गेलं का?

लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द हे आकडे अजून तसेच आहेत. इंग्रजी कळफलकावरचं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. आणि मी माझं सांगते. अकरावीच्या सुट्टीत मी टायपिंगला जायची, सकाळी सहाची बॅच. ए एस डी एफ जी एफ, ए एस डी एफ जी एफ, करंगळी संध्याकाळपर्यंत ठणकायची. आमचे सर हातांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे, कळा दिसू नयेत म्हणून. मी हळूच झाकण उचलून बघायची. सर ओरडायचे नाहीत. मागून यायचे आणि झाकण बोटाने पुन्हा खाली दाबायचे. ओळ संपत आली की घंटी वाजायची, आणि शब्द पुरा करायचा की तोडायचा ते तेवढ्यात ठरवावं लागायचं. तीन कार्बन लावलेल्या कागदावर चूक झाली की चार प्रती खोडत बसा. म्हणून कळेला हात लावण्याआधी मजकूर शेवटपर्यंत वाचायची खोड लागली. पुढे मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, टंकलेखकाची नोकरी एक दिवसही केली नाही. पण शाब्दिक उदाहरण अर्धं वाचून आकडेमोडीला लागणाऱ्या मुलांना मी त्या कार्बनची गोष्ट सांगायची.

हे मी गोड करून सांगत नाही. काही माणसं मशीनबरोबर खरंच मागे राहिली. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करून देणारे काही जण संगणक आणि प्रिंटर घेऊन टिकले, काहींनी छत्री मिटली ती मिटलीच. आणि आत्ताही ठरावीक साच्याची पत्रं, नुसती माहिती भरणं, साधं भाषांतर ही कामं यंत्र झपाट्याने उचलतंय. त्यामुळे ‘काही होत नाही हो, सगळं तसंच राहतं’ असा दिलासा मी देणार नाही. फक्त कोणती वस्तू गेली आणि कोणतं शिकणं टिकलं, हा हिशेब तुम्ही एकाच पोत्यात भरून विकलाय असं मला वाटतं.

आता त्या झाकणाकडे येते, कारण तुमच्या मुलीच्या हातांवर ते नाही.

दुसरा क्रमांक आणि 20 पैकी 8, हे दोन निकाल तुम्ही पत्रात वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलेत. मला ते शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. तुर्कस्तानातल्या एका शाळेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग केला, तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या तासाला काही मुलांना चॅटजीपीटीसारखंच साधं यंत्र दिलं. काहींना असं यंत्र दिलं जे थेट उत्तर न सांगता, शिक्षकांनी आखून दिलेले इशारे देतं. उरलेल्यांना फक्त वही-पुस्तक. सरावात पहिल्या गटाची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा 48 टक्क्यांनी चांगली, इशारेवाल्यांची 127 टक्क्यांनी. मग यंत्रं काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट वही-पुस्तकवाल्यांच्या 17 टक्के खाली आला. इशारेवाले साधारण त्यांच्या बरोबरीनेच राहिले: नुकसान टळलं, पण फायदाही दिसला नाही. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट आणखी वेगळी वाटते. ज्यांचं नुकसान झालं त्यांना ते जाणवलंच नव्हतं. आपल्याला येतंय, असंच ती मुलं समजून होती.

तुमच्या लेकीलाही पेपर हातात पडेपर्यंत तसंच वाटलं असणार. तिला आळशी म्हणू नका. तिच्या वहीत यंत्राने सोडवलेलं वर्गसमीकरणाचं एखादं शाब्दिक उदाहरण काढून बघा. दोन गाड्या, एकीचा वेग दुसरीहून 10 ने जास्त, वेळेतला फरक दिलेला. उत्तर सात-आठ ओळींचं असतं. त्यातल्या दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंतचं सगळं तिला जमत असेल: छेद काढणं, अवयव पाडणं, ऋण उत्तर टाकून देणं. पहिली ओळ मात्र ‘समजा, सावकाश गाडीचा वेग ताशी एक्स’ अशी असते. कोऱ्या कागदासमोर बसून, दोनदा खोडून, ही ओळ सुचणं हेच त्या गणितातलं शिकणं. यंत्राने तेवढं एक वाक्य तिच्याआधी लिहून टाकलं, आणि बाकीचं वाचून तिला सगळंच पटलं.

म्हणून वहिनींचं अर्धं बरोबर आहे. ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवडाभरात अभ्यासासाठी तो वापरलेली 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. यात नवल काही नाही. मी पंधराची असते तर मीही त्या 76 मध्येच असते.

पण फोन काढून घेतला तर काय जातं, तेही बघायला हवं. सेमी इंग्रजीतली मुलगी. विज्ञानाचा धडा इंग्रजीत, घरात मराठी, आणि शंका येते रात्री साडेनऊला. सांगली-मिरजेतल्या मुलीला त्या वेळी शिकवणीची ताई असते, निदान शिकलेला मामा असतो. तुमच्या लेकीला हे यंत्र ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे काय ते मराठीत, चार वेळा, न कंटाळता सांगतं. शंका विचारली म्हणून वर्गात कोणी हसत नाही. मी शिकवत होते तेव्हा मागच्या बाकावरच्या किती मुलींनी वर्षभर तोंड उघडलं नाही, ते मला आठवतं. असं काही त्यांच्याकडे असतं तर, हा विचार मनात येतोच. ही सोय गावातल्या मुलीकडून काढून घेणं मला पटत नाही.

मग करायचं काय? तुमच्याकडे तर उपाय हाताशी आहे. संस्थेत संगणक आहेत. यंत्राशी बोलणं फोनवर, अंथरुणात होणार नाही. संस्थेतल्या संगणकावर होईल, संध्याकाळी ठरलेल्या तासाला, पडदा तुम्हाला दिसेल अशा जागी. ज्यांच्याकडे संस्था नाही त्या वाचकांनी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून हेच करावं. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे 13 वर्षांखालच्या मुलांना मनाई आहे आणि 18 खालच्यांना पालकांची संमती लागते, तेव्हा खातं तुमच्या माहितीतलं असू द्या. नाव, शाळा, फोटो, घरचा नंबर यातलं काहीही त्यात टाकायचं नाही.

आणि झाकण. पहिली वीस मिनिटं यंत्र बंद, वही उघडी. सुचेल ते लिहायचं, चुकलं तरी खोडायचं नाही. त्यानंतर यंत्रासमोर जाताना ती वही घेऊन जायचं आणि यंत्राला असं सांगायचं: “मी इथपर्यंत आले आहे. उत्तर देऊ नकोस. माझी पहिली ओळ कुठे चुकली ते मला एकेक प्रश्न विचारून शोधायला लाव.” यंत्र अधूनमधून विसरून उत्तर देऊन टाकेल, तेव्हा त्याला दटावायचं, मुलांना यंत्राला दटावायला फार आवडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित कोऱ्या कागदावर, काहीही न बघता. नाही जमलं तर काल ते आलेलं नव्हतं, एवढं समजायचं आणि पुन्हा बसायचं. ही सकाळची पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि बहुतेक घरांत चौथ्या दिवशी हीच गळते, म्हणून तिच्यावर लक्ष तुम्ही ठेवा. आठवड्यातून एक गणित तिने वहिनींना समजावून सांगायचं. वहिनींना गणित येत नसेल तर फारच उत्तम. ‘पण हे इथे कुठून आलं?’ असं निरागसपणे त्याच विचारू शकतील.

शाळेत तक्रार घेऊन जाऊ नका. प्रदर्शनात त्या प्रकल्पाला नंबर देणाऱ्यांनी तिला समोर उभं करून दोन प्रश्न विचारले असते तर काय झालं असतं, हे तुम्हाला माहीत आहे, तिलाही. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? सुबक अक्षरातले प्रकल्प मीही वर्षानुवर्षं डोळे झाकून पास केलेत. फरक इतकाच की तेव्हा ते मुलांच्या काकांनी केलेले असायचे. शिक्षकांना भेटलात तर एवढीच विनंती करा की यापुढे प्रत्येक प्रकल्पाला पाच मिनिटांची तोंडी ठेवा. चाळीस मुलांच्या वर्गात तेही सोपं नाही, मला कल्पना आहे. पाच-पाच मुलांचे गट करून जमतं.

आता गूळ. तुमच्या भागात राहून गुळाचा प्रकल्प यंत्राकडून लिहून घ्यायचा, याला काय म्हणावं! तो प्रकल्प तिच्याकडून पुन्हा करून घ्या. नंबरासाठी नको, बक्षीस तर मिळालंच आहे. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटतील, तेव्हा एक अख्खी सकाळ तिला तिथे बसवा. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी त्यात घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहतात. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी जाळ कमी-जास्त करतो, पण त्याचं लक्ष असतं गुळव्याकडे, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराकडे. आणि गुळव्या बघत असतो बुडबुडे. शेवटी तो थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. काकवी हवी असेल तर साधारण 105 अंशांवर, गूळ हवा असेल तर 118 च्या आसपास. चार-दोन अंश चुकले की आधण हातचं गेलं: एक तर गूळ धरत नाही, नाही तर करपतो. हे सगळं तो बोटांनी मोजतो.

आता तिला म्हणा, तू थर्मामीटरने मोज. ती शाळेतून प्रयोगशाळेतला आणेल. त्याच्यावरचा शेवटचा आकडा तिलाच वाचू द्या. बहुतेक शाळांत तो 110 असतो, आणि पाक त्याच्या पुढे जातो. (तो काचेचा थर्मामीटर काहिलीत बुडवायचा नाही, हे मात्र आधीच बजावा. फुटला तर काच आणि पारा गुळात. आणि उकळत्या काहिलीच्या कडेला तिने जायचंच नाही. स्वयंपाकाचा लांब दांडीचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो; तो गुळव्याच्या हातात द्या, आकडा तिने लांबून टिपावा.) शाळेतला 110 लाच का संपतो? कारण शाळेत आपण पाणीच उकळतो. मग पाणी 100 ला उकळतं, आणि ज्या रसात बहुतेक पाणीच आहे तो 118 पर्यंत चढतो कसा? याचं उत्तर आपल्याकडे मुलांना बारावीच्या रसायनशास्त्रात भेटतं. इथे तिने खुशाल यंत्राला विचारावं. आता प्रश्न तिचा आहे. यंत्र तिला दोन वर्षं आधी, तिला कळेल अशा मराठीत, पायरीपायरीने तिथवर नेऊ शकेल, आणि ते जे सांगेल त्यातलं काय खरं, काय नुसतं छान वाटणारं, हे तपासायला तिच्याकडे त्या सकाळचे आकडे असतील. गुळव्याही असेल. यंत्र भेंडीबद्दल काही भलतंच बोललं तर तो हसेल, आणि ते हसणं तिने वहीत लिहून ठेवावं.

हे असं हाताने काम करत शिकणं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं सगळं स्वतः करत शिकण्याचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम तिथे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब (संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायच्या कार्यशाळा) उभ्या करायला मदत केली, त्यांतली एक 2002 मध्ये याच पाबळला आली. ज्यांच्या घरी पुस्तकात न रमणारं, पण पंखा उघडून बसणारं मूल आहे, त्यांनी एकदा पाबळला चक्कर मारून यावं.

सायन्स की डिप्लोमा, यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तुम्हाला वाटतो तेवढा तो फाटा अवघड नाही. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तरी पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावी-बारावी केली तर सीईटी. तिचा गेल्या काही वर्षांतला साचा असा: 200 गुण, त्यातले 100 गणिताला, 50 भौतिकशास्त्राला, 50 रसायनशास्त्राला, साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. म्हणजे निम्मा डाव गणितावर. 8 चे 15 झाले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, आणि त्याला 85 हजार लागत नाहीत. शाखेच्या नावाला भुलू नका. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली. तेव्हापासून कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढत गेल्यात, आणि त्या जागा भरण्यासाठीच गावोगाव माणसं फिरतायत. ही निवड करायला अजून काही महिने आहेत. तोवर तिला पॉलिटेक्निकची कार्यशाळा आणि एखादं ज्युनिअर कॉलेज, दोन्ही आतून दाखवून आणा. तिला कुठे थांबावंसं वाटतं ते बघा.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. पत्रात चार पानं मुलीबद्दल आहेत आणि प्रवेश निम्म्यावर आल्याचं एका ओळीत. मला ती ओळ जास्त मोठ्याने ऐकू आली. वडिलांच्या हातून टाइपरायटर सुटले तेव्हा तुम्ही तरुण होतात, संगणक शिकलात आणि दुकान सावरलंत. आता पुन्हा तीच वेळ आलीय की काय या भीतीने झोप उडाली असेल तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण ती भीती तुमच्या धंद्याची आहे, ती तिच्या दहावीवर टाकू नका. तुमच्या गावात अर्ज भरता न येणारे, बँकेच्या नावाने आलेल्या संदेशाला फसणारे, यंत्राने दिलेलं उत्तर खरं मानून औषध बदलणारे लोक भरपूर असतील. त्यांना संध्याकाळी दोन तास बसवून शिकवायला तुमच्यासारखा माणूस तालुक्यात दुसरा कोण आहे? फी किती घ्यायची, बॅच किती दिवसांची ठेवायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याबद्दल वेगळं पत्र लिहिलंत तर वेगळं बोलू.

आणि माळ्यावरचा तो टाइपरायटर विकू नका. लेकीला एकदा त्याच्यासमोर बसवा, हातांवर पुठ्ठा ठेवून. मात्र झाकण उचलून बघितलं तर ओरडू नका.

दिवाळीनंतर थर्मामीटरने काय आकडा दाखवला आणि गुळव्या काय म्हणाला, ते तिलाच लिहायला सांगा. पोस्टकार्डावर, तिच्या अक्षरात.